मानेवरचं मलम

आप्पा मंगळवारी सकाळी गेला. त्याच्या मुलानं शाळेत येऊन सांगितलं. मी तास थांबवला आणि शहापूरला गेलो.

आप्पा विणकर, मी शाळामास्तर. आमची गाठ तालमीत पडली. आजारपणानंतर अंगात ताकद यावी म्हणून वडिलांनी मला तिथं घातलं होतं. पहिल्याच आठवड्यात बैठकांनी मांड्या इतक्या धरल्या की घराच्या पायऱ्या मी बसून उतरत असे. "माती चोळ आणि उद्या पुन्हा बैठका मार. हीच दवा," आप्पा सांगे. मला मात्र खडेबाजारातल्या मलमाचाच गुण येई. तेही घरी, गुपचूप. अंगाला तेल-औषध लावून कुस्तीच्या हौदातल्या मातीत उतरायचं नाही, हा वस्तादांचा दंडक होता. मोडणाऱ्याची तालीम बंद.

नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दिवशी सकाळी माझी मान वळेना. तेच झोंबणारं मलम चोळलं. दुपारपर्यंत जिरेल असं वाटलं... वस्तादांनी समोर आप्पालाच उभं केलं. त्यानं कपाळ माझ्या मानेला भिडवलं, घाम सुटला, आणि एकाएकी तो डोळे मिटून चाचपडू लागला. मी त्याला चीतपट केलं. मला फेटा मिळाला. पुढं वर्षभर पेठेत लोक त्याला चिडवत, "काय आप्पा, पुस्तकानं पाडलं व्हय रं तुला?" तो हसे. मलमाचं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर तालीम जाईल आणि आप्पाही जाईल, ही भीती. तालमीतल्या ओळखीपासूनच दर रविवारी त्याच्या मागाशेजारी बसून मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. आवडीचा मजकूर आला की त्याच्या हातातला धोटा थांबे. अशी तीस वर्षं गेली.

मागावर पाय मारून मारून शेवटी त्याचे पाय धरले. गेल्या महिन्यात मी तेच मलम घेऊन गेलो आणि पोटऱ्या चोळता चोळता सगळं बोलून टाकलं.

"मास्तर, वास मला तवाच आलता की!"

"मग बोलला का नाहीस?"

"वस्तादनी तुला हाकलला असता. मग मला वाचून कोण दावणार हुतं? ...जरा खाली चोळ. लई बरं वाटतंय बघ."

परतताना मी खडेबाजारातून उगाच लांबच्या वाटेनं चालत आलो.

फेटा इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी होता. आप्पाच्या तेराव्याला तो बांधून गेलो आणि तो कसा मिळाला ते चारचौघांत सांगितलं. सगळ्यांत आधी त्याचा मुलगा हसला.

फेटा आता खुंटीला आहे. डबीत थोडं मलम उरलं आहे.