छातीवर पडलेला दांडा

लोखंडी दांडा ह्यांच्या छातीवर पडला होता आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. डोळे माझ्याकडे लागलेले, ओठ काळे पडत चाललेले. बरगड्यांवर एवढं वजन बसलं की श्वास आत जातच नाही, हे मी त्या सकाळी पाहिलं.

हे म्हणजे माझे यजमान. पन्नाशी उलटली तरी बंगळूरला राजाजीनगरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर उताणे पडून वजनं उचलायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आदल्या दिवशी आयुधपूजा होती. आमच्यात सुरी, सायकल, शिवणयंत्र, सगळ्याला हळदकुंकू लागतं. ह्यांनी वजनांच्या दांड्यालाही तेल चोपडलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याच्या त्या सकाळी माळ उतरवली, पण पूजेचं तेल पुसायचं कसं, म्हणून तसंच ठेवलं. आणि हात निसटला.

मी धरायला गेले तर माझेही हात घसरले. मग जोरात हाक मारली. शेजारची कन्नड बाई, मी तिला अक्का म्हणायची, मधल्या भिंतीवर चढून आमच्या अंगणात पडली.

"पदर गुंडाळ दांड्याला!" ती ओरडली. "दोन्ही टोकं नको, एकच! स्वल्प, थोडं वर, अजून वर!"

दोघींनी एक टोक उचललं. दांडा कलला, घरंगळला, फरशी फुटली. बंद नळाला एकदम पाणी यावं तसा आवाज करत ह्यांनी श्वास घेतला.

मी अक्काच्या पाया पडायला वाकले. "माझा गुडघा फुटलाय, आधी हळद आण," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दोन बरगड्या मोडल्याचं सांगितलं. खोकताना छातीशी उशी धरायची, दुखलं तरी खोल श्वास घ्यायचा. अक्का रोज सारभात आणायची आणि ह्यांना छळायची.

"अण्णा, पुढच्या वर्षी तूप लावा."

"अक्का, हसवू नका हो, जीव जातो."

"तेव्हा गेला नाही, आता कसला जातो!"

मला कुणाचे आभार मानायची सवय नाही. तिचे मात्र मी मनात रोज मानते. गुडघा तिला पुढे कायम दुखला, पण तिने कधी ऐकवलं नाही.

हे वाचले. आज ऐंशीच्या पुढे आहेत.