गाठीच्या आत पाहणाऱ्या परुळेकर मॅडम

मुलुंडच्या रुग्णालयात मी रेडिओलॉजिस्ट म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी डॉ. वसुधा परुळेकर यांची ओळख झाली. एका एमआरआयचा अहवाल मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "रुग्णाला भेटलास?"

"नाही मॅडम, पण स्कॅन नीट पाहिलाय."

"स्कॅनचा पाय दुखत नाही रे. जा, भेटून ये."

मी गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठी हा मॅडमचा विषय. केमोथेरपी लागू पडते आहे का, हे एमआरआयवरून ओळखण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. गाठ नुसती मोजू नका, तिच्या आत काय चाललंय ते पाहा, हा त्यांचा आग्रह.

त्याचं मोल मला कळलं ते सुनंदाताईंच्या वेळी. खारदांड्याच्या या मासे विकणाऱ्या बाई. मांडीत गाठ होती. केमोनंतरच्या स्कॅनमध्ये ती चक्क वाढलेली दिसली. आमचे सर्जन डॉ. प्रभू हताश झाले. "औषध फुकट गेलं, वसुधा. आता पाय काढावा लागेल."

सुनंदाताई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाय गेला तर बाजारात उभी कशी राहू?"

मॅडमनी आधीचा आणि नंतरचा स्कॅन शेजारी शेजारी लावला. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध चित्रात गाठीचा जिवंत भाग उजळवतं. पहिल्या स्कॅनमध्ये सगळी गाठ उजळली होती; आता फक्त कडेला पातळशी रेघ उरली होती. "आत रक्त आणि पाणी साठलंय, म्हणून फुगलीय," त्या म्हणाल्या. "बरीचशी मेलीय ती. मुख्य रक्तवाहिनीही मोकळी आहे, पाय वाचू शकतो, बघ."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर बाईच्या जिवावर बेतेल, ठाऊक आहे मला. म्हणून लवकरच पुन्हा स्कॅन करू. पण आज घाई नको रे."

पुढच्या स्कॅनच्या वेळी सुनंदाताई मशीनच्या बोगद्यात जायला घाबरल्या. मॅडम बांगड्या, घड्याळ काढून मशीनच्या खोलीत गेल्या आणि स्कॅन संपेपर्यंत त्यांचं पाऊल धरून उभ्या राहिल्या. ती कडेची रेघही आता विरली होती. डॉ. प्रभूंनी फक्त गाठ काढली, पाय राखला. तपासणीत जवळजवळ सगळी गाठ मेलेलीच निघाली.

काही महिन्यांनी सुनंदाताई स्वतःच्या पायांनी जिना चढून आल्या, ताज्या बांगडा माशांची टोपली घेऊन. आमचा तंत्रज्ञ ओरडला, "मॅडम, मशीनला वास लागेल!" मॅडम मनमुराद हसल्या. कौतुक सुरू होताच मात्र त्यांनी थांबवलं: "पाय प्रभूंनी वाचवला. मी फक्त दाखवलं."

वाईट बातमीही त्या तितक्याच सरळपणे सांगतात, पण खुर्ची जवळ ओढून, रुग्णाच्या शेजारी बसून. उपनगरांत विखुरलेले आम्ही त्यांचे विद्यार्थी आज तसंच बसायला शिकलो आहोत.

पंचाहत्तरीत मॅडम चेंबूरच्या घरी पेटी शिकताहेत. शेजाऱ्यांच्या सहनशक्तीबद्दल आम्ही ऐकून आहोत. मॅडम, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि तुम्ही वाजवता तो राग कोणता हे आम्हाला ओळखू येईपर्यंत तुम्ही ठणठणीत असा. त्याला अजून पुष्कळ वर्षं लागतील, याची आम्हा सर्वांना खात्री आहे.