कंगव्यावाले साहेब

अख्ख्या तालुक्यात तपासनीवाल्या साहेबाले न भेनारा मानूस मी एकटाच. शाळेत कधी गेलोच नाई, तं नापास व्हायचं भेव कायचं? बाकी मास्तर लोकं रस्त्यावर वाघ दिसला तं गाडी थांबवून फोटो काढत, पन साहेब येऊन राह्यले आयकलं का गाडी उलटी फिरवत.

साहेब वरोऱ्याकडचे. सरकारनं शाळेले टीव्ही देल्ला, टॅब देल्ले, त्याच्यावर खरंच शिकवून राह्यले का नुसते कपाटात ठेवले, हे पाह्याचं त्याईचं काम. त्याच्यासाठी दहा पानाचा फारम होता. साहेब तो फारम पँट मळू नये म्हनून बुडाखाली घेत आन पोट्ट्याईच्या बसाच्या पट्टीवर मांडी घालून बसत. खुर्ची देल्ली तं म्हनत, "नको. खुर्चीवरून शाळा दिसत नाही." मंग एक टॅब मांगत. तो बंदच दारात नेऊन उन्हात तिरपा धरत आन काचेवर बोटाचे डाग पाह्यत. चिंचेचे, शाईचे, शेंबडाचे. जेवढे डाग जास्त तेवढे साहेब खूश. पन काच चकाचक निंघाली, का खिशातून कंगवा काढत. डोक्यावर केस एवढेच का नाव घेऊन हाक मारता येईन, पन कंगवा भल्ला मोठा. काचेत पाहून सावकाश भांग पाडत आन मास्तरले म्हनत, "आरसा छान आहे, सर. शिकवायला कधी घेणार?" कोरपन्याकडं एका शाळेत भांग पाडून झाल्यावर मिशी बी विंचरली म्हनते. आठ दिवसात तिथले सारे टॅब उचलून दुसऱ्या शाळेत नेले.

दुसरी खोड बटनाची. शिकवनं रंगात आलं का साहेब गुपचूप उठून मेन बटन पाडत आन म्हनत, "लाईट गेली. आता?" कोनी मास्तर पंख्याकडं पाहे, कोनी लाईनमनले फोन लावे. एका गावात तं तो खटका तुटून साहेबाच्याच हातात आला. दुपारपावतर साहेब पेचकस घेऊन स्टुलावर, आन खाली पोट्टे टॉर्च धरून. उतरले आन फारमवर लिवलं, "आज तपासणारा नापास."

आमची शाळा तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाले लागून हाये. मी त्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. हसू नका. सभेत जे जागे होते त्याईनं नाई म्हनलं, मी झोपलो होतो. आमच्या बाई मात्र खऱ्या शिकवनाऱ्या. टॅब पोट्ट्याईच्या हातात असे फिरत का काचा मासोळी कापाच्या पाटीसारक्या माखलेल्या.

साहेब येनार होते त्या दिवशी मी मनात म्हनलं, अध्यक्ष झालो तं कायतरी करून दाखवावं. बाई येयाच्या आंधी शाळेत गेलो आन सारे टॅब बाहेर काढले. आमी मासोळीवाले दसऱ्याले डोंगा धुतो, जाळं धुतो, तसंच. आंधी ओल्या दुपट्ट्यानं, मंग कोरड्या दुपट्ट्यानं, असे घासले का माहं तोंड दिसे. हळद लावली, कुंकू लावलं, वर एकेक झेंडूचं फूल. कंगव्याची गोष्ट मास्तर लोकाईले ठाऊक, मले कोन सांगते?

बाई आल्या आन दारातच थबकल्या. "भाऊ, हे काय केलंत? आता नेतीन ना टॅब!" मंग साऱ्या गोष्टीचा उलगडा केला. तेवढ्यात साहेब, पाय घसरू नये म्हनून चपला हातात घेऊन, पाळीवरून उतरलेच.

टॅब उन्हात धरला. एक डाग नाई, फक्त कुंकू. साहेबाचा हात खिशात गेला आन कंगवा बाहेर आला. बाईचं तोंड उतरलं. तवा मले पह्यल्यांदा भेव वाटलं. म्हनलं, "साहेब, पुसलं मी जी. बाईची चूक नाई."

"आतलंही पुसलं का, भाऊ?"

"आत हात जात नाई जी."

साहेब हसले नाई. बाईले म्हनलं, "दाखवा, आत काय आहे ते." बाईनं टीव्हीले जोडलं, तं पडद्यावर मीच! कमरेएवढ्या पान्यात उभा. पोट्ट्याईनं टॅबवर व्हिडिओ काढला होता. फोटो काढून राह्यले समजून मी छातीवर हात ठेवून बोलून राह्यलो होतो, "मरळ मासोळी पिलं सांभाळते. पिलाईचा लाल थवा वर दिसला का खाली माय असते. तवा..."

खट्. साहेबानं बटन पाडलं.

"लाईट गेली. आता?"

बाईनं पंख्याकडं पाह्यलं नाई. पोट्ट्याईकडं वळल्या. "तवा काय?" साऱ्याईचे हात वर. माही पोट्टी तिसरीत होती, ती उभीच राह्यली. "तवा जाळं टाकाचं नाई! बाबा टाकते, पन टाकाचं नाई!"

सारी शाळा हसली. साहेब बी हसले, आन भांग न पाडता कंगवा खिशात गेला. टॅब आमचेच राह्यले. जाताना मले म्हनलं, "भाऊ, पूजा करा, पण पुसू नका."

त्याच साली साहेब रिटायर झाले. शेवटच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून हात हलवाच्या ऐवजी कंगवा हलवला. आता नवे साहेब येते. मानूस चांगला हाये. खुर्चीवर बसते, मोबाईलात टिकटिक करते, चहा पिते, जाते. काचेकडं कोनी पाह्यत नाई. परवा सुट्ट्या संपल्या. सुट्टीआंधी कोनीतरी पुसून ठेवलेले टॅब बाहेर काढले तं साऱ्या काचा कोऱ्या. काय वाटलं मले सांगता येत नाई, पन पाळीवर चपला हातात घेतलेलं कोनी उतरून राह्यलं काय, असं वाटलं. आजूबाजूले पाह्यलं आन एकेका काचेवर अंगठा टेकवत बसलो.

मांगून पोट्टी आली. चौथीत हाये आता. म्हनते, "बाबा, एवढा मोठा अंगठा कोन्या पोट्टीचा राह्यते? पुसा ते. आमचे डाग आमी पाडतो."