दादासाहेबांच्या नंबरावरचं कॉलेज

"मॅडम, माझ्या शोधनिबंधाची लिंक दाबली की रमी उघडून राहिली."

सोमवारी सकाळी अर्चना खंदारेचा हा फोन आला, तेव्हा मी शटर वर करत होते. हिंगोलीत माझं वेबसाइट आणि छपाईचं छोटं ऑफिस आहे. मी तिला म्हटलं, लिंक चुकीची टाकली असशील, परत बघ.

"चार वेळा बघितलं. तीन निबंध, तिन्ही लिंकवर रमी. पत्ते फिरतेत, गाणं वाजतं. गुरुवारी माझी मुलाखत आहे, मॅडम."

अर्चना सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. आमच्या भागातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती. म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, सुट्टीत काही नाही. आता शेजारच्या जिल्ह्यात कायम जागा निघाली होती. वयोमर्यादेत बसणारी तिची ही शेवटची संधी. निवडीत शोधनिबंधांना गुण होते आणि तिचे तिन्ही निबंध कॉलेजच्या ऑनलाइन नियतकालिकात होते. छापील अंक निघतच नव्हता. अर्जात तिने तीन लिंक दिल्या होत्या आणि अर्ज आता बंद झाला होता. त्यात काना-मात्रा बदलता येत नव्हती.

कॉलेजची वेबसाइट मी केलेली. मी डायरी उघडली. प्रत्येक कामाची यादी करायची आणि झालं की खूण करायची, ही माझी जुनी सवय आहे. त्या दिवशी मी लिहिलं: एक, कॉलेजात जाऊन बघणे. दोन, होस्टिंग तपासणे. तीन, डोमेन.

तिसरं आधी लिहायला हवं होतं. मला ते आतून माहीत होतं, म्हणूनच ते तिसरं आलं.

प्राचार्य सर केबिनमध्ये होते. मी सांगितल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"ही काय साइट! माझ्याकडं बराबर चालू आहे. खंदारे मॅडमच्या मोबाइलमध्येच काहीतरी असंल."

खरंच कॉलेजचं मुखपृष्ठ दिसत होतं. वर दादासाहेबांचा हसरा फोटो. दादासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपण एखादं पान उघडलं की कॉम्प्युटर त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. त्याला कॅश म्हणतात. पुढच्या वेळी पान लवकर दिसावं म्हणून ही सोय असते. त्यामुळे कधीकधी आपल्याला जे दिसतं ते कालचं असतं. सर जणू एखाद्या नऊवारीतल्या पाहुणीचा जुना फोटो बघून ती आजही तशीच आहे असं सांगत होते.

"सर, एकदा रिफ्रेश करा."

त्यांनी बटण दाबलं. दादासाहेब गेले. पत्ते आले. स्पीकर चालू होता, त्यामुळे गाणंही आलं. शिपाई दारातून डोकावला. सर माऊस धरून म्हणाले, "हे बंद करा, हे बंद करा आधी." मी वायरच काढली.

"हॅक झाली का?" त्यांनी विचारलं.

हॅक झाली असती तर बरं झालं असतं. हॅक म्हणजे कोणीतरी कुलूप तोडून आत शिरणं, मग दोष चोराचा. मी लॅपटॉप उघडून होस्टिंग तपासलं. सगळं जागेवर होतं. निबंध, फोटो, प्रवेशाचे अर्ज, एकही फाइल गेली नव्हती.

मी सरांना समजावलं तसंच इथे सांगते. वेबसाइट म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. होस्टिंग म्हणजे गाळा, त्यात तुमचा माल. डोमेन म्हणजे पाटीवरचं नाव, जे लोक टाइप करतात. दोन्ही भाड्याने मिळतात, वेगवेगळ्या मुदतीने, आणि बहुतेकांना वाटतं की एकदा घेतलं म्हणजे आपलं झालं. नाव कधीच आपलं होत नाही. मुदत संपली की थोडे दिवस ते तुमच्यासाठी राखून ठेवतात, नोटिसा पाठवतात, आणि मग मोकळं सोडतात. मोकळ्या झालेल्या नावांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात. जुन्या कॉलेजचं नाव, त्यावर येणारे विद्यार्थी, असं नाव त्यांना आवडतं. आपला गाळा शाबूत, माल शाबूत, पण पाटी आता रमीवाल्याच्या दुकानावर.

"मग नोटिसा कोणाला आल्या?" सर म्हणाले. "कॉलेजला तर एकही नाही."

उत्तर मला पाठ होतं.

वेबसाइटचं उद्घाटन मोठं झालं होतं. मांडव, हार, माइक. आमच्याकडे संस्थेत काहीही नवं आलं की ते अध्यक्षांच्या नावाने होतं. बोअरवेल, बस, फ्रीज, सगळं. डोमेनचा फॉर्म भरताना मी सरांना विचारलं होतं की मालकाचा मोबाइल नंबर कोणाचा टाकू. ते म्हणाले होते, "हे काय विचारणं झालं? दादासाहेबांचाच." मग ठरलं की नाव स्टेजवरच घ्यायचं. मी बटण दाबलं, ओटीपी दादासाहेबांच्या मोबाइलवर गेला आणि त्यांनी तो माइकवर वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. पाच वर्षांसाठी नाव घेतलं होतं. होस्टिंगची आठवण मला दरवर्षी येत असे, ते मी करून घेत असे. डोमेनची आठवण दादासाहेबांच्या नंबरावर जाणार होती.

त्या रात्रीच मी डायरीत लिहिलं होतं: कॉलेजचं डोमेन, नंबर बदलून ऑफिसचा घालणे. ती ओळ मी तीन डायऱ्यांमध्ये पुढे नेली. दादासाहेब असताना विचारणं त्यांच्या मानाला धक्का लावल्यासारखं वाटलं. ते गेल्यावर मी दहाव्याला गेले होते, त्यांचे चिरंजीव, आताचे अध्यक्ष भैय्यासाहेब समोर बसले होते. तिथे डोमेन कसं काढायचं? नंतर काढू म्हटलं. नंतर निघालं नाही.

केबिनमधूनच मी तो नंबर लावला. कोणीतरी उचलला.

"हॅलो, कोन बोलून राहिलं?"

"हा नंबर दादासाहेबांचा होता..."

"होता. आता माझा हाय. ते वारले म्हनतेत. ताई, दीड वर्ष झालं, रोज त्यांच्या नावानं फोन येऊन राहिले. कोनी अ‍ॅडमिशन मागतं, कोनी बदली मागतं. एकाला तर म्या सांगून टाकलं, जा, तुमचं काम झालं. त्यो पेढे घेऊन गेला कॉलेजात."

सर खाली बघायला लागले. पेढे त्यांनी खाल्ले असावेत.

घरच्यांनी सिम चालू ठेवलं नव्हतं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. हा कुरुंद्याच्या मारोती नावाच्या माणसाला मिळाला होता. हळद पॉलिश करायचं मशीन चालवणारा.

"मारोतीभाऊ, त्या नंबरावर डोमेनचे मेसेज आलेत का? तुमचं नाव संपतंय, असे?"

"आलेत की. पाच-सहा. पन तुमाला काहून सांगू? मेसेज वाचून दाखवा म्हननारे सगळे ओटीपीवाले असतेत."

त्याचं बरोबर होतं. सगळ्या प्रकरणात नियम पाळणारा तो एकटाच निघाला.

मला ते मेसेज हवे होते. हे नाव कॉलेजचं होतं आणि मुदत संपल्याने गेलं, याचा तोच पुरावा होता. मंगळवारी मी कुरुंद्याला गेले. मशीनचा ड्रम फिरत होता, पापण्यांपासून चपलांपर्यंत मारोती पिवळा झाला होता. त्याने माझं कार्ड उलटसुलट बघितलं, मग मोबाइल पुसून हातात दिला. सगळे मेसेज होते. पहिला मुदत संपायच्या महिनाभर आधीचा. शेवटचा: आता हे नाव सर्वांसाठी खुलं होत आहे.

"म्या पुसले न्हाईत," तो म्हणाला. "मला वाटलं ज्याचे असतीन त्यो येईन कवातरी."

मी फोटो काढून घेतले. परत येऊन नवं डोमेन घेतलं, या वेळी कॉलेजच्या ऑफिसच्या नंबरावर, आणि ते जुन्या होस्टिंगला जोडलं. बुधवारी सकाळी तिन्ही निबंध नव्या पत्त्यावर उघडत होते. अर्चना ऑफिसात आली होती. तिने स्वतःच्या मोबाइलवर पहिला निबंध उघडला. सेनगाव तालुक्यातल्या जुन्या आठवडी बाजारांवर होता तो.

"मग जुनी लिंक दाबली की इथंच आलं पाहिजे ना, मॅडम? तसं करता येतं म्हणतेत."

करता येतं, त्याला रिडायरेक्ट म्हणतात. पण जुन्या पत्त्यावर 'आम्ही तिकडे गेलो' अशी चिठ्ठी लावायची तर जुना पत्ता आपल्या हातात हवा. तो रमीवाल्याच्या हातात होता. मी त्याला मेल केला होता. उत्तर आलं नाही.

आता एकच उपाय होता. प्राचार्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून द्यायच्या: पत्ता बदलला आहे, निबंध तेच आहेत, नवी लिंक ही. मी मजकूर टाइप करून, मारोतीच्या मेसेजचे फोटो जोडून नेला. अर्चना सोबत होती.

सरांनी दोनदा वाचला.

"'मुदत न वाढवल्याने'. हे काढा."

"मग काय लिहू?"

"तांत्रिक कारणाने."

मी पेनाने बदललं. त्यांनी परत वाचलं.

"आणि हे मेसेज? यावर दादासाहेबांचा नंबर आहे. हे बाहेर गेलं म्हणजे ठपका कोणावर? त्यांच्यावरच की. वारलेल्या माणसावर."

"सर, मेसेज नका जोडू," अर्चना म्हणाली. "नुसती सही द्या."

"भैय्यासाहेबांना विचारावं लागंल. ते मुंबईला गेलेत."

"फोन लावा ना, सर."

"लावतो. तुम्ही बसा."

आम्ही बाहेर बसलो. दुपारी सर केबिनमधून निघाले, आमच्यासमोरून गेले, म्हणाले, "उचलून नाही राहिले. उद्या बघू." उद्या गुरुवार होता, हे त्यांना माहीत होतं. अर्चना उभी राहिली. नऊ वर्षांच्या सवयीने तिने त्यांना नमस्कार केला.

जिन्यात ती मला म्हणाली, "मॅडम, तुमी द्या पत्र."

मी दिलं. माझ्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. 'सदर डोमेनचे नूतनीकरण होऊ शकले नाही', असं लिहिलं. होऊ शकले नाही. कोणाकडून, ते लिहिलं नाही. सरांनी सही नाकारली म्हणून मी दोन तास चिडले होते आणि माझ्या पत्रात मीही माझं नाव घातलं नाही.

गुरुवारी काय झालं ते अर्चनाने मला नंतर सांगितलं. समितीतल्या एका बाईंनी तिच्या अर्जातली पहिली लिंक लॅपटॉपवर उघडली. गाणं सुरू झालं. कोणी हसलं नाही, ते तिला जास्त लागलं. तिने नवी लिंक दाखवली, प्रिंट दाखवल्या, माझं पत्र पुढे केलं.

"हे तर वेबसाइट करणाऱ्यांचं पत्र आहे," बाई म्हणाल्या. "प्राचार्यांचं नाही का?"

"न्हाई."

"का?"

तिने निबंधांच्या प्रिंट पुन्हा पुढे सरकवल्या. प्राचार्यांनी दिलं नाही असं सांगितलं असतं, तर ज्या कॉलेजात तिला परत जायचं होतं तिथे ते पोचलं असतं. निबंधांचे गुण मिळाले नाहीत. तेवढ्यानेच ती मागे राहिली. जागा दुसऱ्याला गेली.

मी तिला सांगितलं की ती ओळ माझ्या डायरीत होती, तीन डायऱ्यांत. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने डायरी मागितली, ओळ वाचली, परत दिली.

"तुमी लिहून तरी ठेवलं होतं," ती म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

पुढच्या सत्रात तिला तास मिळाले नाहीत. कारण कोणी सांगितलं नाही. आता ती सेनगावला स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेते. मध्यंतरी ऑफिसात आली, तिन्ही निबंध मागितले. मी म्हटलं, लिंक पाठवते.

"लिंक नको," ती म्हणाली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

त्याच महिन्यात प्राचार्यांचा फोन आला. नव्या वेबसाइटचं रीतसर उद्घाटन करायचं ठरलं होतं.

"मॅडम, ते डोमेनवर ऑफिसचा नंबर दिसतोय. तिथं भैय्यासाहेबांचा टाकून घ्या."

"सर, ऑफिसचाच राहू द्या. पुन्हा तेच होईल."

"असं अभद्र कसं बोलता तुम्ही?"

मी नंबर बदलून दिला नाही. त्यांनी काम दुसऱ्याकडे दिलं, नंबर बदलला गेला, मांडव घातला गेला, ओटीपी माइकवर वाचला गेला म्हणतात. मला पत्रिका नव्हती.

कोणत्याही डोमेनची मुदत कधी संपते हे इंटरनेटवर कोणालाही बघता येतं. मी बघितली. ती तारीख डायरीत लिहून ठेवली आहे, काम माझं नसलं तरी. तुमची संस्था, दुकान, पतपेढी, काहीही असो, डोमेन कोणाच्या नंबरावर आहे ते आज विचारा. माणूस समोर असताना विचारा, मान राखायच्या वेळी विचारा आणि राहिलंच तर दहाव्याला विचारा. लोक चार दिवस नावं ठेवतील. अर्चनाचं वय निघून गेलं.