विमानाच्या शेपटीवरचे बिबडे

पहूरच्या बेबाबाई सुरवाडे यांचं भांडं परत करायला जाणारी बाई ते आधी राखेनं दोनदा घासून नेत असे. उपयोग काही नसे. बेबाबाई ते तिच्यादेखतच पुन्हा घासायला घेत. त्यांच्या या गुणापायी एका विमान अपघाताची चौकशी अडेल, असं मात्र गावात कुणाला वाटलं नव्हतं.

चैत्र संपत आला होता. भरदुपारी आभाळात पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. जळगावला उतरायला निघालेल्या मोठ्या विमानाचा पंख एका शिकाऊ विमानाच्या शेपटीला घासला होता. मोठ्याच्या निळ्या पंखाचं टोक तुटून कुठे पडलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. मोठं विमान तसंच पुढे जाऊन नीट उतरलं. प्रवाशांनी खाली येऊन आधी फोटो काढले. छोटं विमान बेबाबाईंच्या ज्वारीच्या धसकटांत पोटावर घसरत आलं. त्यातून धुळ्याची शिकाऊ वैमानिक वृषाली निघाली, पाय मोडलेली. बेबाबाईंनी तिला पाणी पाजलं, गाडी येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

मोडकं विमान ट्रकमधून गेलं. मग बांधापलीकडे बेबाबाईंना एक पांढरा, गुळगुळीत पत्रा सापडला. विमानाचा आहे हे त्यांना कळलं. पण नेणारे नेऊन गेले, उरलं ते ज्याच्या शेतात त्याचं, हा बांधावरचा कायदा. घरी बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा शिजत होता. कापडावर थापलेले बिबडे सोडवताना फाटतात. हा पत्रा तर त्याच कामासाठी घडवल्यासारखा. फक्त त्यावर निळा ओरखडा होता. खायच्या वस्तूखाली निळं कसं चालेल? राख, चिंच, काथ्या. दोन्ही बाजू लख्ख.

काही दिवसांनी वृषाली कुबड्या घेऊन दारात आली.

"मावशी, शेपटीचा एक तुकडा मिळत नाहीये. त्यावर निळा रंग वरच्या बाजूला असेल, तर ते माझ्यावर आले. खालच्या बाजूला असेल, तर मी त्यांच्यावर गेले. ते म्हणतात, मीच गेले. तसं ठरलं तर मला पुन्हा विमानाला हात लावू देणार नाहीत."

बेबाबाईंनी घराच्या धाब्याकडे पाहिलं. वर त्याच पत्र्यावर बिबडे वाळत होते.

"निळं व्हतं व माय. म्या घासलं."

"कुठल्या बाजूचं?"

"दोन्ही घासल्या. आता कसं सांगू?"

चौकशीच्या साहेबांना कळवते म्हणून पोरगी निघाली. ती गेल्यावर बेबाबाईंचा नवरा आधार म्हणाला, "पत्रा कडब्यात लपव. नाहीतर तुले दिल्लीले नेतीन."

"नेऊ द्या. तठीबी ऊन पडतंच असीन."

सून प्रज्ञा हळूच म्हणाली, "आत्या, वरच्या बाजूले व्हतं म्हना. कोन पाहाले आलं?"

बेबाबाईंना ते पटलंही. पण चौकशीचे साहेब पुढ्यात बसले तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपलं एक खोटं उघडं पडलं तर पोरीचं खरंही कुणी धरायचं नाही.

"निळं व्हतं," त्या म्हणाल्या. "कोन्या बाजूले, ते मले आठवत नाही."

साहेबांनी पत्र्याकडे पाहिलं. "घासलंत कशानं?"

"राख आन चिंच. तुमच्या घरी काय वापरतात?"

साहेबांना ते माहीत नव्हतं. हातमोजे घालून त्यांनी पत्रा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. सुटायचे राहिलेले दोन बिबडेही पुराव्यात गेले.

पावसाळा सरता सरता अहवाल आला. प्रज्ञानं तो मोबाईलवर वाचून दाखवला. पत्र्याच्या खिळ्यांभोवतीच्या खाचांत निळा रंग मिळाला होता, आणि तो फक्त वरच्या बाजूला. वृषाली सुटली.

नळावर बाया म्हणाल्या, "बेबाआत्या, खाचीत मळ राहून गेला म्हने!"

बेबाबाईंना आनंद झाला आणि रागही आला. राग जास्त टिकला.

दिवाळीच्या सुमारास वृषालीचा फोन आला. "मावशी, उद्यापासून परत उडतेय."

"जाय," बेबाबाई म्हणाल्या. "पन वरबी पाहत जाय. लोक वरूनबी येतात."