कापसाचे बोळे

डोळ्यांतल्या पाण्यावर इतका अविश्वास असलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. आमच्या हिचे हे मामा नागावला राहतात, नारळी-पोफळीची वाडी सांभाळतात आणि उरलेल्या वेळात सिनेमांवर संशय घेतात. रडवतो तो सिनेमा चांगला, असं कुणी म्हणायचा अवकाश, मामा उसळलेच. "कांदाही रडवतो, जावईबापू. त्याला कुणी बक्षीस देतं का?" पडद्यावर व्हायोलिन वाजू लागलं की गर्दीत पाकीट सांभाळावं तसे ते खिसा चाचपतात आणि त्यातून कापसाचे दोन बोळे काढून कानांत घालतात. कान बंद करूनही गलबलून आलं तरच सिनेमा खरा, ही त्यांची कसोटी. अलिबागच्या थिएटरात एकदा शेजारच्या अनोळखी बाई हुंदके देत होत्या. मामांनी जादाचे बोळे पुढे केले. "घालून बघा वहिनी, लगेच थांबेल." रडू थांबलं खरं, पण त्यांच्या यजमानांनी आमच्याकडे असं काही पाहिलं की मध्यंतरानंतर आम्ही मागे जाऊन बसलो. माझे डोळे ओले दिसले तर घरी येईपर्यंत उलटतपासणी चालते, नेमकं कशाने रडलात, माणसाने की वाद्याने?

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. त्यांच्या लेकीने आईचे फोनवर सहज टिपलेले तुकडे जोडून यंदा एक छोटा सिनेमा केला. तो महोत्सवाला पाठवायचा होता, पण बाबा चांगला म्हणाले तरच, असं तिने मनाशी धरलेलं. ओटीवर पडदा म्हणून चादर बांधली. मामांनी सुरुवातीलाच बोळे घातले. "पोटची पोर म्हणून सवलत नाही." पडद्यावर मामी पडवीत सुपारी सोलत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "अगो, ठेव ते बाजूला, आधी चहा घे." मामांना फक्त हलणारे ओठ दिसले. त्यांनी घाईघाईने एक बोळा उपसला, मग दुसरा, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मागे घे. परत लाव."

संपल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, कसा झालाय?"

"माझं मत धरू नकोस," मामा डोळे पुसत म्हणाले. "मी तुझ्या आईसाठी रडलो. सिनेमा बरा की वाईट, ते यांना विचार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर माझाही रुमाल भिजलेला. "तुम्हीसुद्धा? मग आता निकाल द्यायचा कुणी?"

सिनेमा अजून मामांच्या फोनमध्येच आहे, महोत्सवाला गेलेला नाही. लेक फोन करून विचारते आणि मामा सांगतात, "तपासतोय." रोज संध्याकाळी पडवीत बसून ते तो लावतात, बोळ्यांशिवाय. परवा मी हळूच विचारलं, एवढं बघून काही दोष सापडला का?

"एक सापडला," फोन कानाशी धरत मामा म्हणाले. "ती फार थोडं बोलते हो."