लाल गाडीची राखण

भागूला गाड्यांचं अप्रूप कधीच नव्हतं. पंधरा वर्षं त्याने घोडेगाव ते आहुपे वडापची जीप चालवली होती. नऊ माणसांच्या जागेत अठरा माणसं, टपावर नाचणीची पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं आणि कधीमधी ड्रायव्हरच्याच मांडीवर शेळीचं करडू. गाडी म्हणजे ओझं ओढणारं जनावर, एवढंच त्याला ठाऊक. पुढे घरोघरी मोटरसायकली आल्या, वडाप बसलं, आणि भागूने डिंभे धरणाच्या फुगवट्याकाठी दादाभाऊ शेठच्या फार्महाऊसवर राखणदारी धरली. बायको झुंबरबाई आणि तो, दोघं तिथेच मागच्या दोन खोल्यांत राहू लागले.

दादाभाऊ मूळचा महाळुंगे पडवळचा बागायतदार. चाकणला त्याने कारखाना काढला, तो चालला, आणि पंचावन्नाव्या वर्षी तरुणपणची एक हौस पुरी करावी म्हणून मुंबईच्या कुणाकडून एक जपानी गाडी घेतली. दोन दारं, दोनच माणसं, रंग लाल, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की उभ्या माणसाला तिचं टप कमरेखाली दिसावं. पहिल्याच दिवशी मंचरच्या गतिरोधकावर तिचं पोट खरडलं. शेठ बघायला म्हणून खाली उतरू लागला तर त्याची कंबरच धरली. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर ओढून काढलं, आणि निम्मं मंचर ते बघत उभं राहिलं. त्यानंतर शेठ त्या गाडीत बसला नाही.

गाडी फार्महाऊसवर आली ती आपल्या पायांनी नाही, ट्रकच्या पाठीवर बसून.

झुंबरबाई हातातली केरसुणी तशीच धरून बघत राहिली. "अवं, ही चालती का नुसती मिरवती?"

शेठने भागूला शेडमध्ये नेऊन नीट समजावलं. "दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. बास. जागची हलवायची नाय. असल्या गाड्या आता निघत नाय, भागू. जितकी कमी फिरलेली तितकी पुढं किंमत जास्त." मग त्याने मोबाईलवर मीटरचा फोटो काढला. अकरा हजार आठशे बारा.

त्या बाजूचा पावसाळा म्हणजे चार महिने ढग कौलांवरच मुक्कामाला. पहिल्याच साली स्टेअरिंगवर पांढरी बुरशी धरली, इंजिनात उंदरांनी घर केलं. भागूने भाताच्या कणगीत ठेवतात तसा निर्गुडीचा पाला आणून सीटखाली, डिकीत, बॉनेटच्या कोपऱ्यात ठेवला. ओल शोषायला मडक्यांत कोळसे भरून चारी बाजूंना मांडले. उंदीर गेले, बुरशी हटली. पण पावसाळा सरल्यावर बघतो तर चाकं खालून चपटी झालेली आणि ब्रेक गंजून धरून बसलेले.

त्याने शेठला फोन लावला. "शेठ, जनावर चार महिने दावणीला उभं ऱ्हायलं तर लंगडतंच. हिला जरा फिरवाया पायजे."

"हलवू नको म्हणलं ना तुला!" शेठने फोन ठेवला.

भागूने महिनाभर ऐकलं. मग एका रविवारी त्याने ब्रेक साफ करून गाडी नुसती चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे घेतली, चाकांची बाजू बदलावी म्हणून. पुढच्या खेपेला गेटापर्यंत. मीटर काही हलला नाही. आणि मग फाल्गुनात, फुगवट्याच्या कडेने नवा डांबरी रस्ता झाला तेव्हा, एके दिवशी उजाडता उजाडता त्याने गेट उघडलं.

झुंबरबाई विळा घेऊन वैरणीला निघाली होती. ती वाटेतच उभी राहिली. "कुठं निघालात हिला घिऊन?"

"बस," भागू म्हणाला.

बसायचं कसं हा प्रश्नच होता. लुगड्याचा काष्टा सावरत तिने डोकं आत घालून बघितलं, गुडघा घालून बघितला, शेवटी पाठमोरी होऊन आधी सीटवर टेकली आणि मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. विळा मांडीवर.

चार किलोमीटर गेले, चार आले. जीपला वळ म्हणून सांगावं लागायचं, दोन्ही खांदे लावून. ही नुसतं मनात आणलं की वळत होती. रस्त्यातला खडा हाताला कळत होता, पाण्यावरून आलेला वारा चाकाला कळत होता. सपाटीला आल्यावर भागूने पाय जरा दाबला आणि गाडी अशी निघाली की झुंबरबाईने त्याचा दंड धरला. मग ती हसायला लागली. तिशीत असताना हसायची तशी, तोंडाला पदर न लावता.

"लई लबाड हाय ही," ती म्हणाली. "उगं शाण्यावानी बसली व्हती शेडात."

त्यानंतर सात वर्षं, दिवाळीपासून आगोठीच्या पहिल्या पावसापर्यंत, एकाआड एक रविवारी ती दोघं फिरून येत. येताना कधी करवंदं, कधी सरपण, एकदा तर झुंबरबाईच्या बहिणीकडची वालाची गाठोडी मांडीवर. आसपासच्या वाड्यांतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि शेठला सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेठ वर्षातून दोनदा यायचा, शेडच्या दारातून गाडीकडे बघायचा, "चकाचक ठेवलीय राव," म्हणायचा आणि कंबरेवर हात ठेवून खुर्चीत बसायचा.

मग त्यांची लेक मंगल आली. ती घोडेगावला आरोग्यसेविका. बापाच्या जिवाला घोर लावावा असं तिच्या मनात नव्हतं, पण मोबाईल बघता बघता म्हणाली, "बाबा, ही तुमचीच गाडी ना? तसलीच हाय. मुंबईवाला सत्तर लाख मागतोय."

भागूने मोबाईल हातात घेतला. तीच. तोच लाल रंग, तसेच डोळे मिटल्यासारखे दिवे. त्याने तो झुंबरबाईपुढे धरला.

"सत्तर लाखाच्या गाडीत आपण सरपण आणलं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं मन थाऱ्यावर राहिना. गाडीला हात लावण्याआधी तो साबणाने हात धुऊ लागला. आधी रविवारी ज्या रस्त्यावर शीळ घालत जायचा, त्या रस्त्याचा एकेक खड्डा आता त्याला विहिरीएवढा दिसायला लागला. फिरणं बंद झालं.

झुंबरबाई दोन रविवार गप्प बसली. तिसऱ्याला म्हणाली, "गाडी कालचीच हाय. तुमच्या हाताला काय झालं?"

"काल मला म्हाईत नव्हतं."

आणि मीटर. तो आता बारा हजार सातशे तीस दाखवत होता. म्हणजे शेठच्या फोटोहून नऊशे अठरा जास्त. चाललेला रस्ता काही माघारी गुंडाळता येत नाही. मंचरच्या एका गॅरेजात मीटर मागे फिरवून देतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून भागू तिथेही जाऊन आला. बाकड्यावर बसला, चहा प्याला, गॅरेजवाल्याने दोनदा विचारलं, "बोला मामा, काय काम?" भागूने कप बाकड्यावर ठेवला. "काय नाय, असाच आलो व्हतो," म्हणून तो एसटी धरून घरी आला. झुंबरबाईला त्याने हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. शेठ इचारील तवा खरं सांगा. मी बी हाये संगं. आपण दोघंबी बसलो व्हतो."

शेठचा फोन मंगळवारी आला. गाडी विकायची होती. बंगळुरूचा कुणी शौकीन घेणार होता आणि त्याच्या वतीने तपासायला पुण्याहून ऋषी नावाचा माणूस येणार होता. असल्या जुन्या गाड्या पारखायचा त्याचा धंदाच होता.

शुक्रवारी सकाळी शेठ त्याला घेऊन आला. ऋषी पस्तिशीचा, अबोल. त्याने एक यंत्र लावून रंगाची जाडी बघितली, टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत गेला, ऑइलची काडी ओढून बोटाला लावली, वास घेतला. भागू भिंतीला पाठ लावून उभा होता. शेठ मागून मागून चालत बोलत होता. "अकरा हजार आठशे फक्त. मी घेतल्यापासून एक किलोमीटर चढू दिलेला नाय. फोटो हाय माझ्याकडं."

ऋषीने दार उघडलं, आत बसला, चावी फिरवली आणि मीटरकडे बघितलं. मग शेठच्या मोबाईलमधला फोटो मागून घेतला आणि परत मीटरकडे बघितलं.

"बारा हजार सातशे तीस आहेत."

शेठने वाकून बघायचा प्रयत्न केला, कंबर वाकेना. "असं कसं? मीटर बिघडलाय काय?"

भागू भिंतीपासून पुढे आला. "मीटर बराबर हाय, शेठ. मी चालवली."

"काय?"

"सात वरीस. रविवारची. फुगवट्याच्या रस्त्यानं."

"आन् मी बसत व्हते," दारातून झुंबरबाई म्हणाली.

शेठचा चेहरा गाडीसारखा लाल झाला. "भागू, मी तुला काय सांगितलं व्हतं? डोळे झाकून तुझ्यावर टाकली व्हती ही! नऊशे किलोमीटर? तुला कळतंय का, ह्यानं काय नुकसान झालं ते?"

"कळतंय, शेठ. चूक माझी हाय. पण उभ्यानं सडत व्हती, म्हून..."

"एक मिनिट," ऋषी म्हणाला. तो गाडीतून उतरला आणि पहिल्यांदाच नीट भागूकडे वळला. "ब्रेक तुम्ही साफ केले? आणि पेट्रोल जुनं राहू दिलं नाहीत?"

"जुनं पेट्रोल वास मारतं. फिरून संपवायचं, नवं टाकायचं."

"आणि हा पाला?"

"निर्गुडी. उंदरासाठी."

ऋषी शेठकडे वळला. "मागच्या महिन्यात ह्याच मॉडेलची एक गाडी बघितली. नऊ वर्षं काचेच्या खोलीत उभी. टाकी आतून गंजलेली, सगळी सीलं वाळलेली. मालक म्हणत होता नव्यासारखी आहे, आणि बाहेर काढायला चार माणसं लावावी लागली. घेणाऱ्याला मी नको म्हणून सांगितलं. ही मी घ्या म्हणून सांगणार आहे."

शेठचा राग अर्धा उतरला, अर्धा तसाच राहिला. "मग सत्तर?"

"सत्तर नाही. न फिरलेली म्हणून जे वरचे मिळाले असते ते गेले, ते मी लपवत नाही. पण तेव्हाही सत्तर नव्हतेच. अडतीस."

"अहो, लोक सत्तरला इकतात!"

"मागतात, शेठ. विकली कितीला ते कुणी सांगत नाही."

भागूला राहवेना. त्याने विचारलं, "पावणं, रागवू नका. पण अडतीस तरी का? ईस वर्षांची जुनी गाडी. पार्ट मिळत नाय. पाऊस लागला तर गळती. एका गोणीची जागा नाय तिच्यात."

ऋषी पहिल्यांदा हसला. "खरं सांगू मामा? पत्र्याचे आणि इंजिनाचे एवढे होत नाहीत. मी चौथीत होतो. पेठ गावाच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून असली एक गाडी दिसली, झपकन गेली. अजून डोळ्यापुढे आहे. असं पोरवयात बघितलेली माणसं आता पैसेवाली झालीत. ती देतात." त्याने खांदे उडवले. "चालवणार असेल त्याला परवडते. झाकून ठेवणाऱ्याला मी तरी घ्या म्हणत नाही."

शेठ शेडच्या खांबाला टेकला. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "कशी चालती रं?"

भागूला आधी कळलंच नाही.

"आठ वर्सं झाली घेऊन. मंचरपर्यंत आणली ती बी पहिल्या गेअरात. कशी चालती ते मला ठावं नाय."

"बसा की मग," झुंबरबाईच पुढे झाली. "पाठमोरे व्हा शेठ. आधी टेका. आता पाय घ्या आत, दोन्ही एकदम."

आणि शेठ बसला. कंबर हूं का चूं न करता. भागूने गाडी फुगवट्याच्या रस्त्याला घेतली. सपाटीला आल्यावर त्याने तिरक्या नजरेने बघितलं तर शेठने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरलेले आणि तोंड पोरासारखं उघडं. "दाब," शेठ म्हणाला. भागूने पाय दाबला. परत येईस्तोवर शेठ एकच वाक्य बोलला, तेही स्वतःशीच. "आयला, एवढं व्हतं व्हय."

सौदा चाळीसला झाला. शेठने भागूला रागावायचं होतं ते राहूनच गेलं, की मनातून गेलं, कोण जाणे. जाताना त्याने नुसतं भागूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्यापण डोक्यावरचा दगड उतरला राव. कोणी ठोकली, कोणी ओरबाडली, सारखं तेच मनात."

न्यायला आलेल्या ट्रकला वरचा वळणाचा रस्ता जमेना, म्हणून भागूच गाडी घोडेगावपर्यंत खाली घेऊन गेला. शेजारी झुंबरबाई, नवं लुगडं नेसून. ट्रकवर चढवून पट्टे आवळले तेव्हा भागूला वाटलं होतं की आता वाईट वाटेल. तसं झालं नाही. ट्रक वळणाआड गेला आणि त्याच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की शेजारच्या रसवंतीवाल्याने मान वळवून बघितलं.

"भूक लागली का तुमाला?" झुंबरबाईने विचारलं.

"लई."

दोघांनी स्टँडसमोर मिसळ खाल्ली, वर दोन-दोन भजी. मग तिथूनच मंगलच्या घरी गेले आणि, फार्महाऊसच्या राखणीला शेठने तेवढ्यापुरता दुसरा माणूस पाठवल्याने, चार दिवस राहिले. इतक्या वर्षांत लेकीकडे एक मुक्काम कधी झाला नव्हता. पहिल्याच दुपारी भागू ओसरीवर आडवा झाला तो दिवेलागणीलाच उठला. मंगल काळजीने दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली.

"ताप नाय गं," झुंबरबाई तिला म्हणाली. "झोपू दे त्यांना."